परदेशी कंपन्यांना संधी, चौकशी आत करावी

आमच्या सरांना गाडी लागायची. एस.टी.त बसले की पुढचा थांबा यायच्या आत त्यांचा चेहरा पिवळा पडे आणि कंडक्टर स्वतःहून घंटी मारी. त्यामुळे शिरूरच्या हायस्कुलात तीस वर्षं साऱ्या जगाचा भूगोल शिकवणारा हा माणूस आयुष्यात पुण्याच्या पलीकडे गेला नव्हता. पुण्यालासुद्धा दोनदाच गेले होते, एकदा परीक्षेला आणि एकदा लग्नाचा बस्ता बांधायला. दोन्ही वेळा वाघोलीच्या पुढचं त्यांना काही आठवत नव्हतं.

पण जग त्यांना तोंडपाठ होतं. ब्राझीलमध्ये कॉफी, चिलीत तांबं, स्वित्झर्लंडमध्ये घड्याळं, डेन्मार्कमध्ये दूध आणि लोणी. प्रत्येक देशाला त्यांनी एकेक काम नेमून दिलं होतं आणि तो देश ते काम चुकवणार नाही याची त्यांना खात्री होती. विद्यार्थ्यांची नावं मात्र त्यांच्या कधीच लक्षात राहिली नाहीत. ते गावाच्या नावाने हाक मारत. "न्हावरं, नकाशा लाव." "वढू, बाकावरून पाय खाली." मी केंदूरची, म्हणून मी केंदूर. माझ्या आधी माझे वडील त्यांच्या पहिल्या वर्गात होते, तेही केंदूर. पुढे एकदा सर आमच्या दारात येऊन "केंदूर!" म्हणून ओरडले, तेव्हा आम्ही बापलेक दोघंही ताडकन उभे राहिलो.

तो दिवस मला नीट आठवतो. सर रिटायर होऊन चार-सहा महिने झाले असतील. रांजणगावच्या माळावर तेव्हा प्लॉट पाडायचं काम चाललं होतं. नगर रोडला दर आठवड्याला नवा धाबा उघडत होता आणि शिक्रापूरच्या चौकात गोरी माणसं उभ्याने नारळपाणी पिताना दिसू लागली होती. बाकीच्यांना त्यात जमिनीचा भाव दिसला. सरांना आपलं पाठ्यपुस्तक दिसलं. इतकी वर्षं ज्या देशांना ते लांबून ओळखत होते, ते एकेक करून स्वतः दारात येत होते.

"हिला इंग्रजी येतं, मला भूगोल येतो," सर वडलांना म्हणाले. "दोघांचं मिळून एक ऑफिस होतं."

मी नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. वडील उभेच होते. म्हणाले, "सर, पगार काय म्हंता?"

"पहिली कंपनी आली की ठरवू."

दुसऱ्या कुणाला वडलांनी चहावर वाटेला लावलं असतं. पण सरांपुढे त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "बरं सर."

ऑफिस म्हणजे शिक्रापुरात हायवेला लागून असलेल्या पिठाच्या गिरणीमागची एक खोली. गिरणी सुरू असली की आमच्या टेबलावरचे कागद आपोआप सरकत जात. छपरावर सरांनी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा बसवला होता. दाराशी बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक होतं. त्यात गिरणीवर आलेल्या बाया चुकून हात धुवायच्या आणि सर जानेवारीत दोन मिलिमीटर पाऊस नोंदवायचे. पाटी रंगवायला जो पेंटर आणला, त्याने याआधी फक्त दवाखान्यांच्या पाट्या केल्या होत्या. "परदेशी कंपन्यांना" एवढं त्याने वर बारीक अक्षरात बसवलं, खाली "चौकशी आत करावी" हेही बारीक, आणि मध्ये लाल रंगात हातभर "संधी".

पहिल्या आठवड्यात एकही कंपनी आली नाही. तीन म्हाताऱ्या आल्या. तिघींचेही गुडघे दुखत होते. सरांनी त्यांना परत पाठवलं नाही. आर्द्रता वाढली की सांधे का ठणकतात हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून अर्धा तास समजावलं. एक म्हातारी जाताना मला म्हणाली, "बाय, डाक्टर हुशार हाय, पर औषध देत न्हाई."

आमचं खरं काम होतं अहवाल लिहिण्याचं. त्या काळी पुण्या-मुंबईच्या सल्लागार मंडळींचे अहवाल आम्हाला कधीमधी बघायला मिळत. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि पानोपानी संधी. जमीन स्वस्त, मनुष्यबळ मुबलक, बंदर जवळ, बाजारपेठ वाढती. सरांचा अहवाल भूगोलाच्या पुस्तकासारखा असे. स्थान व विस्तार, हवामान, मृदा, जलसंपत्ती, लोकजीवन. शेवटी दोन प्रकरणं, "संधी" आणि "अडचणी". संधी पाच पानं, अडचणी चौदा.

"सर, हे उलटं नाही का होत?" मी विचारलं.

"संधी त्यांना दिसतातच. त्याशिवाय का ते इतक्या लांब आलेत? न दिसणारं कोण सांगणार?"

त्या चौदा पानांत काय नव्हतं! चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पंधरा दिवस कामगार मिळणार नाही. जो मिळेल म्हणतो त्याच्याकडून लिहून घ्यावे. गुरुवारी वीज नसते. इतर वारी असतेच असे नाही. उसाच्या हंगामात रस्ता ट्रॅक्टरचा असतो. या तालुक्यात 'उद्या' या शब्दात परवाही येतो. हे सगळं मी इंग्रजीत उतरवायचे, गिरणीशेजारच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घ्यायचे आणि सर प्रत्येक प्रतीवर लाल शाईने सही करायचे, पेपर तपासल्यासारखी.

पहिला परदेशी माणूस आला तो स्वित्झर्लंडचा. खरं तर त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं आणि सावलीसाठी तो आत आला. सरांनी त्याला खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचा अक्षांश काय?" त्याला सांगता आलं नाही. सरांच्या चेहऱ्यावर नापास झालेल्या मुलाकडे बघतानाचे भाव आले. मग त्यांनी विचारलं, "घड्याळं करता ना?" तो म्हणाला, नाही, आम्ही स्क्रू करतो. मी ते मराठीत सांगितलं. स्क्रू सरांनी कुठल्याच देशाला नेमून दिले नव्हते.

"स्क्रू बारीक असतात का, विचार."

"हो म्हणतायत. अगदी बारीक."

"मग घड्याळाचेच," सर म्हणाले आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

अशी दीड वर्षं गेली. कंपन्या यायच्या, चहा प्यायच्या, अडचणींचं प्रकरण चाळायच्या आणि जायच्या. एक-दोघांनी अहवाल विकत घेतलेही, पण त्यातून गिरणीवाल्याचं भाडं कसंबसं सुटायचं. घरी स्थळं येत राहिली. शेवटी वडलांनी कबूल केलं होतं की चांगली कायमची नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. गिरणीमागची खोली ही कायमची नोकरी आहे असं सर सोडून कुणालाच वाटत नव्हतं.

मग डेन्मार्क आला.

उंच, पन्नाशीचा, उन्हाने नाक लाल झालेला माणूस. दारातून आत येताना वाकला, तरी कपाळ चौकटीला आपटलंच. सरांनी अक्षांश विचारला. तो कपाळ चोळत म्हणाला, "छप्पन्न उत्तर."

सर खुर्चीतून उठले. दीड वर्षात असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

"आणि तुम्ही काय बनवता?"

तो म्हणाला, आमची कंपनी दूध थंड ठेवायच्या स्टीलच्या टाक्या बनवते. या भागात गावोगाव दूध आहे, ते डेअरीला पोचेपर्यंत नासतं, म्हणून आम्हाला इथेच कारखाना काढायचाय.

मी 'दूध' एवढं म्हटलं आणि सरांचे डोळे भरून आले. तीस वर्षं शिकवलेला धडा समोर बसून चहा पीत होता. त्या भरात त्यांनी डेन्मार्कला डेन्मार्कबद्दल पाऊण तास माहिती दिली. देश सपाट आहे, डोंगर म्हणण्यासारखा एकही नाही, दुधाच्या सहकारी संस्था आहेत. तो बिचारा मान हलवत राहिला. शेवटी त्याने हळूच सांगितलं की आता आमच्याकडे औषधं आणि पवनचक्क्यासुद्धा पुष्कळ होतात. सर म्हणाले, "पुस्तक बदलेल तेव्हा बघू."

मग सर त्याला शिक्रापुरातच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणाऱ्या एका वेल्डरकडे घेऊन गेले. पत्र्याचं छप्पर, खाली धूळ, बाजूला बांधलेली म्हैस. डेन्मार्कने खाली बसून एका ट्रॉलीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तासभर तो तिथून हलला नाही. सर मला म्हणाले, "लिही. संधी क्रमांक सहा."

जागा दाखवायचं काम मात्र आमच्याकडे नव्हतं. ते होतं चौफुल्याकडे. चौफुला म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याचा, शिरूरला मामाकडे राहून शिकलेला. आता तो जमिनीचे व्यवहार जुळवून द्यायचा. त्याच्याकडे नवा मोबाइल होता आणि त्याला रेंज मिळवायला तो जीपच्या बॉनेटवर चढून उभा राहायचा. भीमेच्या पलीकडे, दौंडच्या बाजूला त्याने वीस एकरांचा पट्टा हेरला होता. रस्त्याला लागून, पाणी जवळ, जमीन टेबलासारखी सपाट. डेन्मार्कला नकाशावर ती पाहताक्षणी आवडली होती. फक्त, सरांनी एकदा मातीवर नजर टाकावी अशी त्याची अट होती.

आदल्या दिवशी चौफुला गिरणीपाशी मला भेटला. सर कोंबड्याला तेल द्यायला छपरावर गेले होते.

"ताई, कारखाना झाला की हापिसात तुमची खुर्ची पक्की. मी बोललोय साहेबाशी," तो म्हणाला. "फकस्त उद्या सर जे जे बोलतील ते समदं सांगायचं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी, आपली मराठी लई लांबती. इंग्रजीत येवढी जागा नसती, न्हाई का?"

मी वळून आत गेले. पण खुर्चीचं ऐकून मला झोप लागली नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी डेन्मार्कची गाडी दारात आली, एसी, काचा काळ्या. सर नम्रपणे नाही म्हणाले आणि आपली मोपेड काढली. उघड्या वाऱ्यावर त्यांना काही होत नसे. तर पुढे सर मोपेडवर, डोक्याला पंचा, मागे ती लांबलचक गाडी आणि तिच्यामागे चौफुल्याची जीप, असे आम्ही निघालो. तासाभराच्या रस्त्याला अडीच तास लागले. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेले. न्हावऱ्याच्या पुढे तर एक बैलगाडी गेली. चढ आला की सर पॅडल मारायचे आणि ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घ्यायचा. डेन्मार्कला मी म्हटलं, माफ करा. तो काचेतून बाहेर बघत होता. म्हणाला, नाही नाही, मी पहिल्यांदाच हा भाग नीट बघतोय.

पट्टा खरोखर देखणा होता. फेब्रुवारी होता, हरभरा नुकताच निघालेला, काळीभोर माती मऊसूत. चौफुल्याने दोन्ही हात पसरले. "बघा साहेब. सोनं हाय, सोनं."

सर उकिडवे बसले. त्यांनी मूठभर माती घेतली, बाटलीतलं पाणी घालून तिचा गोळा केला, दाबला, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली. मग बांधाकडे बोट दाखवलं. तिथे विहिरीवरचं जुनं पंपघर होतं. त्याची मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती आणि फटीतून पलीकडचा ऊस दिसत होता. जवळच एका धनगराचं कुटुंब मेंढरं घेऊन उतरलं होतं. सरांनी त्यातल्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"मामा, या रानात पावसाळ्यात मेंढरं बसवता का?"

"न्हाई बा," म्हातारा म्हणाला. "पानी पडलं की पाय सुटत न्हाई हितनं. आन् उनाळ्यात भेगा. गेल्या साली कोकरू गेलं आत. वरडत हुतं, पर घावंना. काठी घालून काढलं, तवा निघालं."

सर मातीचा गोळा हातात तसाच धरून उभे राहिले आणि वर्गात बोलतात तसे बोलू लागले. "ही काळी कापसाची मृदा. पिकाला उत्तम, बांधकामाला वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणजे जमीन वर्षातून दोनदा हलते. तुमची जड यंत्रं इथे बसवलीत तर पाया फाटेल, टाक्यांचे सांधे सुटतील. पाया खूप खोल नेलात तर उभा राहील, पण खर्च दुप्पट होईल. पाहिजे तर मे महिन्यात या आणि डोळ्यांनी बघा. तोवर ही जमीन घेऊ नका."

सगळे माझ्याकडे बघू लागले. डेन्मार्क बघत होता. चौफुला बघत होता, आणि त्याने मला हळूच खुर्चीची खूण केली, बसल्यासारखी. मला घर दिसलं, पाहुण्यांसमोर पोह्यांची ताटली धरून उभी असलेली मी दिसले. मी इंग्रजीत म्हटलं, "सर म्हणतायत, ही माती फार सुपीक आहे."

डेन्मार्क हसला. चौफुला हसला.

सर हसले नाहीत. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण ते माझ्याकडे वळले.

"केंदूर, माझं वाक्य लांब होतं. तुझं आखूड का झालं?"

दहावीत उत्तर अर्धवट सोडलं की ते याच आवाजात विचारायचे. रागाने नाही, उरलेलं उत्तर मला येतंय याची त्यांना खात्री असायची, तीच त्या आवाजात असे. मी डेन्मार्ककडे वळले आणि पहिल्यापासून सांगितलं. मृदा, पंपघर, पाया, सांधे, खर्च, अगदी ते कोकरूसुद्धा. डेन्मार्कने मातीचा तो गोळा सरांच्या हातातून घेतला, रुमालात गुंडाळला आणि गाडीत जाऊन बसला.

तो गेल्यावर चौफुला सरांजवळ आला. आधी वाकून पाया पडला. मग भांडायला लागला.

"शिकवलं म्हणून मान राखतो सर! सा म्हयने झटलोय मी! कारखाना गेला आता, समद्यांचा गेला!"

"जमीन उसाला द्या," सर म्हणाले. "निचरा काढलात तर एकरी चांगला उतारा पडेल. हीसुद्धा संधीच आहे."

चौफुला जीपवर चढला आणि रेंज शोधू लागला.

पुढचे तीन महिने वाईट गेले. सरांनी कारखाना घालवला ही बातमी दोन तालुक्यांत पसरली. गिरणीवाला खोली रिकामी करा म्हणू लागला. म्हाताऱ्यासुद्धा यायच्या बंद झाल्या. घरी दौंडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं. एके दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मला रडू आलं. सर पाऊस मोजायची बाटली धूत होते. त्यांनी विचारलं, काय झालं.

"माझी नोकरी गेली सर."

"कुठली नोकरी?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. मी चौफुल्याचं बोलणं, खुर्ची, वडलांचा शब्द, सगळं सांगितलं. सर ओली बाटली हातात धरून तसेच उभे राहिले.

"मग तू पुढचं का सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मला कळवायचं तरी," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कळवलं असतंस तरी मी विचारलंच असतं." आणि त्यांनी मला चहा करून दिला. साखर घालायला ते विसरले होते. मी मुकाट्याने प्याले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन दुपारी, डेन्मार्क दारात उभा राहिला. या वेळी वाकायला विसरला नाही. कुणालाही न कळवता आला होता. म्हणाला, चला, जमीन बघायला. पुन्हा पुढे मोपेड, मागे गाडी. बातमी कशी लागली कोण जाणे, पण आम्ही पोचलो तेव्हा चौफुला आधीच बांधावर उभा होता.

रानाची चाळण झाली होती. डेन्मार्क एका भेगेपाशी गुडघ्यावर बसला, बाही वर केली आणि हात आत घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. खांदा टेकला तरी बोटांना तळ लागेना. वाकताना त्याच्या खिशातलं पेन निसटलं आणि टुकदिशी आत गेलं. आम्ही चौघेही भेगेत डोकावलो.

"राहू द्या सायेब," चौफुला म्हणाला. "पावसाळ्यात यील वर."

मी ते इंग्रजीत सांगितलं, पूर्ण. डेन्मार्क तिथेच ढेकळात बसून हसत सुटला. मग त्याने सांगितलं की मातीच्या त्या गोळ्याची तपासणी त्याच्या लोकांनी केली होती आणि उत्तर सरांचंच आलं होतं. त्याच्या कंपनीकडे या मुलखाबद्दलचे ढीगभर अहवाल होते. "त्या अहवालांत एकही अडचण नव्हती," तो म्हणाला, "त्यावरून आम्हाला कळलं की लिहिणारा इथे आलाच नव्हता."

कारखाना शेवटी भीमेच्या अलीकडे, शिरूरच्या बाजूला मुरमाच्या माळावर झाला. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, आणि सरांनी माती चाखून "अगदी निकृष्ट, उत्तम!" असा शेरा दिला. तो माळ मिळवून दिला चौफुल्यानेच, त्यामुळे त्याचाही राग गेला. काळं रान खंडाने घेऊन त्यात त्याने ऊस लावला. शिक्रापूरच्या वेल्डरला टाक्यांच्या सांगाड्याचं काम मिळालं आणि म्हशीला वेगळा गोठा. मला खरेदी विभागात खुर्ची मिळाली. दौंडच्या स्थळाला वडलांनी स्वतः जाऊन नकार कळवला.

उद्घाटनाला मांडव घातला होता. डेन्मार्कहून दहा-बारा साहेब आणि मॅडम आल्या होत्या. सरांचा सत्कार ठरला होता. नारळ आणि शाल घेऊन सर दोन शब्द बोलायला उभे राहिले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"या जागेच्या अडचणी सात," सरांनी सुरुवात केली.

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी माइक हातात घेतला आणि सरांच्या वाक्याइतकं लांब वाक्य इंग्रजीत बोलत गेले. वीज, ट्रॅक्टर, पाण्यातला क्षार. जत्रांपाशी पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत खसखस पिकली. 'उद्या'त परवाही येतो, इथे तर एक मॅडम डोळे पुसू लागल्या आणि साऱ्या मांडवात टाळ्या पडल्या. सर दचकले. त्यांनी कागद उलटा तर धरला नाही ना हे पाहिलं आणि सातव्या अडचणीपर्यंत नेटाने गेले.

जेवणाच्या वेळी मठ्ठा आणि जिलबीचं ताट घेऊन ते मला शोधत आले.

"तू सगळं सांगितलंस ना?"

"हो सर. एक शब्द गाळला नाही."

"मग ते हसले का?"

"त्यांना पटलं म्हणून."

सर विचारात पडले. "तीस वर्षं शिकवलं मी. वर्गात कधी कुणी हसलं नाही. म्हणजे कुणाला पटलंच नाही की काय?"

"तसं नाही सर. आम्ही तुम्हाला भ्यायचो."

"मला?" सरांनी ताट टेबलावर ठेवलं. "मला कोण भ्यायचं?"

"सगळेच. आमचे वडील तर अजून भितात. बघा तिकडे."

वडील मांडवाच्या खांबापाशी जेवत होते. सरांनी वळून पाहिलं तसा त्यांच्या हातातला जिलबीचा घास तोंडाशी थांबला आणि तो त्यांनी हळूच पाठीमागे लपवला. चाळिशी ओलांडलेला, मिशी राखलेला माणूस, आणि पांढऱ्या सदऱ्यावर मागून पाक ओघळतोय. सर बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, चष्मा नाकावरून घसरला आणि ते हसू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता त्यांनी आपल्या ताटातली जिलबी उचलली, वडलांपाशी जाऊन त्यांच्या ताटात वाढली आणि ती संपेपर्यंत त्यांच्याशेजारी उभे राहिले.